फीचा आकडा आणि फीची जोखीम

उच्च शिक्षणाच्या खर्चाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन वाक्यांवर येऊन थांबते. जर्मनीत शिक्षण फुकट आहे, हे एक. आणि अमेरिकेत ते इतके महाग आहे की मुले आयुष्यभर कर्ज फेडत बसतात, हे दुसरे. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, पण त्यांच्या आधारे महाराष्ट्रातल्या पालकाला किंवा धोरण आखणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. देशोदेशीच्या फीचे आकडे रुपयांत बदलून एकाखाली एक मांडले की तुलना पुरी झाल्यासारखे वाटते, मात्र खरे प्रश्न त्यानंतरच सुरू होतात. पैसा शिक्षणाआधी भरायचा की नंतर? आणि पदवी हातात पडूनही मनासारखी नोकरी लागली नाही, तर त्या चुकलेल्या हिशेबाची झळ कोणाला बसते? एखाद्या देशाची शिक्षणव्यवस्था न्याय्य आहे की नाही, हे माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नावरून ठरते, आणि या कसोटीवर महाराष्ट्राची व्यवस्था इंग्लंड-ऑस्ट्रेलियासारख्या ‘महागड्या’ देशांपेक्षाही कठोर आहे.

रुपयांतली तुलना कशी फसवी ठरते, ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षासाठी देशातल्या विद्यार्थ्याला पदवी अभ्यासक्रमाची कमाल वार्षिक फी ९,५३५ पौंड आहे. आपल्या पैशांत ही रक्कम दहा लाखांच्या पुढे जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे पांढरे होतात. पण ब्रिटनचे दरडोई सकल उत्पादन ४० हजार पौंडांच्या वर आहे, म्हणजे वर्षाची फी त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी भरते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातल्या विद्यार्थ्याची सरासरी छापील, म्हणजे सवलती वजा करण्याआधीची, फी २०२४-२५ मध्ये वर्षाला ११,६०० डॉलरच्या आसपास होती. तिथल्या दरडोई उत्पादनाचा तो सातवा-आठवा हिस्सा होतो. आपल्याकडे आयआयटीतील बी.टेक.ची शिक्षण फी २०१६ मध्ये वर्षाला ९० हजारांवरून २ लाख रुपयांवर नेण्यात आली, आणि भारताचे दरडोई सकल उत्पादन आज २ लाखांच्या थोडेसेच वर आहे. ज्याला आपण सरकारी आणि म्हणून स्वस्त समजतो, त्या शिक्षणाची छापील फीसुद्धा अशी जवळजवळ वर्षभराच्या दरडोई उत्पादनाइतकी आहे. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण फी पूर्ण माफ आहे, १ लाखाखालील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांनाही पूर्ण माफ आहे, आणि ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ आहे, हे सांगायलाच हवे. पण आयआयटीत पोहोचणारी मुले मूठभर असतात.

इंग्लंडचा मार्ग जरा तपशिलात पाहण्याजोगा आहे, कारण तिजोरीची ओढाताण होत असलेल्या प्रत्येक सरकारला तो आज ना उद्या खुणावतो. १९९८ पर्यंत तिथल्या पूर्णवेळ पदवीच्या विद्यार्थ्याला फी द्यावी लागत नव्हती. त्या वर्षी टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १,००० पौंडांची फी आणली. २००६ मध्ये कमाल मर्यादा ३,००० पौंडांवर गेली आणि २०१२ मध्ये एकदम ९,००० पौंडांवर. ही शेवटची वाढ हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने केली. याच लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी २०१० च्या निवडणुकीआधी फीवाढीच्या विरोधात मत देण्याच्या लेखी प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. २०१५ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या. फी हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, पण तरुण मतदार ती सही विसरले नव्हते.

एवढी फी असूनही प्रवेशाच्या दिवशी ती खिशातून भरण्याची सक्ती कोणावर नसते. सरकारी कर्जयोजनेतून रक्कम थेट विद्यापीठाला जाते. ऑगस्ट २०२३ पासून शिक्षण सुरू केलेल्यांसाठी नियम असा आहे, की वर्षाला २५,००० पौंडांपेक्षा जास्त कमाई होऊ लागली की वरच्या कमाईच्या ९ टक्के रक्कम पगारातून कापली जाते. ३०,००० पौंड मिळवणाऱ्याला वरच्या ५,००० पौंडांवर वर्षाला ४५० पौंड, म्हणजे महिन्याला ३७ पौंड ५० पेन्स द्यावे लागतात. नोकरी सुटली किंवा पगार मर्यादेखाली गेला की कपात आपोआप थांबते, आणि ४० वर्षांनंतर जे उरेल ते माफ होते. या कर्जासाठी वडिलांना सहकर्जदार व्हावे लागत नाही, जामीनदार शोधावा लागत नाही, घर गहाण पडत नाही. याचा अर्थ ही व्यवस्था आदर्श आहे असा नाही. शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या पगारातून जवळजवळ निवृत्तीपर्यंत कपात होत राहते, तर श्रीमंत घरातला विद्यार्थी रोख फी भरून मोकळा होतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे, पैसा लगेच द्यायचा नसल्यामुळे फीवाढीचा विरोध बोथट होतो. १,००० पासून ९,००० पौंडांपर्यंतचा पल्ला अवघ्या १४ वर्षांत गाठला गेला, तो या सोयीमुळेच.

ही कल्पना मुळात ऑस्ट्रेलियाची. तिथे गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने १९७४ मध्ये विद्यापीठाची फी रद्द केली होती. पुढे विद्यार्थीसंख्या वाढली, तिजोरीला भार पेलेना, आणि १९८९ मध्ये बॉब हॉक यांच्या सरकारने अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांनी आखलेली योजना आणली. सर्व अभ्यासक्रमांना एकच, वर्षाला १,८०० ऑस्ट्रेलियन डॉलर फी. ती आता भरा किंवा नंतर कमाई ठरावीक पातळीच्या वर गेल्यावर आयकराबरोबर भरा. कर्जावर बाजारभावाचे व्याज नव्हते, केवळ महागाईइतकी वाढ होती. पण महागाईच भडकली तेव्हा हाही नियम जाचक ठरला: २०२३ मध्ये थकीत रक्कम एका फटक्यात ७.१ टक्क्यांनी वाढली, लोकक्षोभ झाला, आणि शेवटी २०२५ मध्ये सरकारला सगळ्यांच्या शैक्षणिक कर्जात २० टक्के कपात करावी लागली. मात्र एवढ्या तीन दशकांत पदवीधराच्या घरावर जप्ती आणण्याचा प्रश्न त्या देशात उद्भवला नाही, कारण वसुली कमाईशी बांधलेली होती.

जर्मनीकडे वळताना ‘फुकट’ या शब्दाआड काय आहे, ते पाहावे लागते. २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने राज्यांना फी आकारण्याची मोकळीक मिळाली आणि काही राज्यांनी सहा महिन्यांच्या सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावलीही. लोकांनी ती टिकू दिली नाही. बव्हेरियात २०१३ मध्ये १० टक्क्यांहून अधिक मतदारांनी फीविरोधी मागणीपत्रावर सरकारी कार्यालयांत जाऊन सह्या केल्या आणि फी गेली. २०१४ मध्ये लोअर सॅक्सनी या शेवटच्या राज्यातूनही ती हटली. राहणीखर्चासाठी गरजू विद्यार्थ्याला जी सरकारी मदत मिळते, तिचा निम्मा भाग अनुदान आणि निम्मा बिनव्याजी कर्ज असतो, आणि फेडीची कमाल रक्कम १०,०१० युरोंवर रोखलेली आहे. तिथल्या पालकाने भरपूर कर भरून हे सारे आधीच विकत घेतलेले असते. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. व्हिसासाठी वर्षाच्या राहणीखर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल अशा बंद खात्यात आधी ठेवावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून २,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना अशीच फी लावली. हे शिक्षण नागरिकांच्या करातून चालते, तेव्हा बाहेरच्यांना ते कायम खुले राहील या भरवशावर कोणी घराचे नियोजन करू नये.

मोफत शिक्षणाची आणखी एक किंमत असते, ती म्हणजे मोजक्या जागा. स्कॉटलंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याला फी नाही, पण सरकार जितक्या जागांचा खर्च उचलते तितक्याच त्यांच्यासाठी असतात. इंग्लंडने फी लावली आणि २०१५ मध्ये जागांवरची मर्यादा उठवली. मग ज्या थोड्या जागा फुकट आहेत त्या कोणाला मिळतात, हा प्रश्न येतो, आणि महाराष्ट्राला तो नवा नाही.

१८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्यातला मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा सरकारने आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. आज फीवाढीचे समर्थक अर्थतज्ज्ञ जो युक्तिवाद करतात, त्याचे याहून सशक्त रूप मला दुसरीकडे आढळलेले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची प्रचीतीही आली. उन्नीकृष्णन खटल्यातील १९९३ च्या निकालाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ केल्या, आणि पेमेंटवाल्यांच्या पैशावर फ्रीवाल्यांचा खर्च भागू लागला. हेतू उत्तम होता. पण गुणांच्या यादीत वर येणारी मुले बहुतांशी शहरातल्या चांगल्या शाळांतली आणि क्लासमधली असत, थोडक्यासाठी मागे राहणारी गावाकडची. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मोडीत काढताना हेच नोंदवले, की गरीब किंवा ग्रामीण विद्यार्थ्यावर सुस्थितीतल्या शहरी विद्यार्थ्याचा भार पडत होता.

मग फी बाजारावर सोडावी का? फुल्यांच्या आक्षेपातून हा निष्कर्ष काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षण खात्याकडे देण्याघेण्याच्या हिशेबाने पाहू नये, असे बजावले. महाविद्यालयांच्या खर्चाचा मोठा भाग फीमधून वसूल होतो याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले, आणि खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त करणे हे सरकारचे धोरण असावे, अशी मागणी केली. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेला माणूस हे बोलत होता. त्या शिष्यवृत्तीवाचून ते शिक्षण त्यांच्या घरच्या ऐपतीत कधीच बसले नसते. फुल्यांनी पैसा कोणाचा हे विचारले आणि आंबेडकरांनी तो कोणासाठी खर्चावा हे सांगितले, आणि आपले धोरण या दोन्ही अंगांनी तपासले पाहिजे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. शेजारच्या कर्नाटकात देणग्या मोजून शिकायला जाणारी मुले राज्यातच राहिली, जागा भराभर वाढल्या, जिल्ह्या-तालुक्यांतून अभियंते तयार झाले. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण शासनाच्या खर्चावरच्या जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि वाढीव शिक्षणाचा बोजा जवळजवळ सगळा घरांवर आला. आज फी ठरवायला २०१५ च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण आहे, तरी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाची पावती हातात घेऊन वाचावी: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, विद्यापीठ शुल्क, अनामत, आणि वसतिगृह व मेसची वेगळी पावती. बेरीज सहज लाख-दीड लाखांच्या घरात जाते, आणि खासगी वैद्यकीयची वार्षिक फी त्याच्या कित्येक पट असते.

शासन काहीच करत नाही, असे नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी फी मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. हा निर्णय मोलाचा आहे, आणि त्यामुळे अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा शाखांची वाट अनेक घरांतल्या मुलींना मोकळी झाली आहे. दुखणे आहे ते वेळेचे. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बोनाफाईड, आधारशी जोडलेले बँक खाते हे सगळे जुळवायचे. मग छाननी, आणि त्यानंतर हप्त्यांनी येणारी रक्कम. अनेकदा ती वर्ष संपत आल्यावर येते. संस्थेला पगार दर महिन्याला द्यावे लागतात, म्हणून ती प्रवेशाच्या वेळीच मुलाकडे पैसे किंवा हमीपत्र मागते. परिणामी फीमाफी असलेल्या घरालाही जुलैत सावकाराकडे किंवा पतसंस्थेत जावे लागते, आणि पुढे परतावा आला तरी मधल्या महिन्यांचे व्याज त्याच घराने सोसलेले असते. इंग्लंडमधला गरीब विद्यार्थी डोक्यावर मोठी रक्कम घेऊन शिकतो हे खरे, पण प्रवेशाच्या दिवशी त्याच्या आईला मंगळसूत्र गहाण टाकावे लागत नाही.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाकडे वळले तर जोखमीचा प्रश्न आणखी लखलखीत दिसतो. साडेसात लाखांपर्यंत हमी निधीमुळे तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतातच. त्यावर रक्कम गेली की तारण हवे, आणि शेतकरी कुटुंबाकडे जी एकमेव मालमत्ता असते ती शेतजमीन बहुतेक बँका या कर्जासाठी स्वीकारत नाहीत. बिगरशेती प्लॉट किंवा घर मागतात. साडेसात लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,९०० रुपये पडतो, आणि शिक्षणकाळातले व्याज यात धरलेले नाही. पुण्यात २२ हजारांवर कामाला लागलेल्या नव्या अभियंत्याचा जवळजवळ निम्मा पगार त्यात जातो. शिक्षण संपल्यावर मिळणारी वर्षभराची सवलत उलटली की नोकरी असो वा नसो, हप्ता सुरू होतो. तो चुकला की खाते थकीत ठरते आणि मुलाबरोबर बापाचाही सिबिल स्कोअर घसरतो, ज्याची झळ पुढे पीककर्जापर्यंत पोहोचू शकते. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने तारणाची अट काढली आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत दिली, पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांपुरती आहे आणि हप्त्याचा संबंध अजूनही कमाईशी नाही.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांत हीच जोखीम कित्येक पटींनी वाढते. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. अमेरिकन विद्यार्थ्याला छापील फीवर घरच्या उत्पन्नानुसार सवलत मिळू शकते. आपल्या मुलांना ती क्वचितच मिळते आणि बहुतेक जण पूर्ण रक्कम भरतात. ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले की हप्ता ५५ हजारांच्या आसपास येतो. डॉलरमध्ये पगार असेल तर तो पेलतो. व्हिसाचे नियम बदलले आणि मुलगा नाशिकला परतला, तर तो हप्ता निवृत्त बापाच्या पेन्शनमधून जातो. ज्या देशातल्या न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठात १९७६ पर्यंत स्थानिक विद्यार्थ्यांना फीच नव्हती, त्या देशात आज शैक्षणिक कर्जाची बेरीज १.७ लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे आणि दिवाळखोरी जाहीर करूनही त्यातून सहसा सुटका होत नाही. अनुकरण करायचेच असेल, तर या वाटेचे करू नये.

माझा कल असा आहे: शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या जागा वाढवणे हा पहिला मार्ग, कारण खासगी महाविद्यालयांच्या फीची भरपाई करत राहण्यापेक्षा तो पैसा कायमस्वरूपी शिक्षक आणि प्रयोगशाळा उभ्या करतो. जिथे फी घ्यावीच लागेल तिथे ऑस्ट्रेलियासारखी कमाईशी बांधलेली फेड आणावी. आपल्याकडे बरेच पदवीधर आयकराच्या जाळ्यात येतच नाहीत, मग वसुली कशी होणार, हा आक्षेप रास्त आहे. पण जो कराच्या मर्यादेत येत नाही त्याच्याकडून वसुली न होणे हीच या योजनेची रचना असते. तो तोटा शासनाने उघडपणे अर्थसंकल्पात धरायचा. आज तोच तोटा सहकर्जदार बापाच्या नावावर पडतो आणि कोणत्याही हिशेबात दिसत नाही. इंग्लंडचा अनुभव लक्षात घेऊन फीची कमाल मर्यादा कायद्यात लिहावी, म्हणजे सोय झाली म्हणून फी वाढली असे होणार नाही.

फीमाफीचा पैसा प्रवेश निश्चित होताच संस्थेच्या खात्यात गेला पाहिजे, आणि कागदपत्रांची छाननी त्यानंतर व्हावी. खोटा दाखला सापडला तर वसुलीचे अधिकार शासनाकडे आहेतच. राहिला राहण्या-जेवण्याचा खर्च, ज्याकडे फीच्या गदारोळात कोणी पाहत नाही. नंदुरबारहून किंवा यवतमाळहून पुण्यात आलेल्या मुलीची फी शून्य झाली, तरी कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि प्रवास यांचे पैसे घरूनच यावे लागतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि स्वाधार या योजना त्यासाठीच आहेत, पण पैसे उशिरा आले तर त्या महिन्याचे भाडे थकतेच. दर जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत मुलींची सरकारी वसतिगृहे वाढवण्यासाठी पुढच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद व्हावी, आणि निर्वाह भत्ता वर्षातून दोनदा देण्याऐवजी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा व्हावा.